नांद्रुकाची गुटी फसली, पुन्हा बांधू का?

गच्चीवाली | ९ जून, रात्री १०:४०

बोन्सायवाले आणि शेतीवाले, दोघांनीही वाचा. मला दोघांची गरज आहे.

बाबांनी १५ वर्षांपूर्वी एक नांद्रुक आणला होता. रोपवाटिकेत लेबलावर नुसतंच 'फायकस' लिहितात ना, तोच. बाबा गेल्यावर झाड माझ्याकडे आलं. पुणे, तिसरा मजला, गच्ची, दुपारनंतरचं ऊन. वरच्या तीन फांद्या अशा सुटल्यात की बघत राहावं, एकीला दोऱ्यासारख्या पारंब्यासुद्धा आहेत. पण त्यांच्या खाली दीड फूट नुसती काठी. ना वळण, ना फांदी. बुंध्याशी मुळं एकाच बाजूला, लंगडी घालत उभं असल्यासारखं. वरचा भाग उतरवून उथळ कुंडीत लावला तर तोच बोन्साय होईल, असं डोक्यात आलं.

गेल्या ऑगस्टमध्ये गुटी बांधली, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फुटावीत म्हणून फाट्याच्या खाली साल काढून शेवाळ बांधलं, वर प्लास्टिक. अडीच महिने वाट बघून सोडलं, तर आत एक मूळ नाही. उलट सालीच्या वरच्या-खालच्या कडा फुगून एकमेकींना भेटलेल्या आणि मधे नवी, कोवळी हिरवट साल. झाडाने जखम भरून काढली आणि मोकळं झालं.

साल काढली होती साधारण १ सेंमी रुंद. जास्त काढवेना. चाकू टेकवला की हात आखडायचा.

आता पाऊस तोंडावर आलाय. पुन्हा बांधू का? त्याच जागी की दुसरीकडे? फाट्याखाली घेर ११ सेंमी भरतो, म्हणजे जाडी साडेतीन सेंमी.

---

शंकासुर | ९ जून, रात्री ११:०५

गुटी कशाला? फायकस आहे तो. करवत घ्या, फाट्याखाली कापा, पानं निम्मी काढा, वाळूत खोचा. पावसाळ्यात मनगटाएवढे ओंडके फुटतात. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला कुणीतरी फायकसच्या फांद्या खुंट्या म्हणून ठोकल्या होत्या, त्यांची आता झाडं झालीत.

---

दोन_बोटं_माती | १० जून, सकाळी ७:१५

शंकासुर म्हणतात ते खोटं नाही. नांद्रुकाचा जाड तुकडा लागतो. दहा तुकडे असतील तर बिनधास्त लावा, सहा-सात लागतील, बाकीचे चुलीत. पण यांच्याकडे तुकडा एकच आहे आणि तो बाबांचा आहे. गुटीचा सगळा फायदा इथेच. मुळं फुटेपर्यंत फांदी आईझाडाच्या अंगावरच असते. नाही फुटली तर झाड जागच्या जागी, तुम्ही फक्त एक पावसाळा हरलात.

दुसरं कारण बोन्सायपुरतं. तुकड्याला मुळं येतात ती कशीही, एखाद्या कडेने चार आणि बाकी तीन बाजूंना शुकशुकाट. जपानी लोक बुंध्यापाशी जमिनीवर पसरलेल्या मुळांना नेबारी म्हणतात. झाड जुनं वाटतं ते निम्मं त्या पसाऱ्यामुळे. नीट केलेल्या गुटीला सगळीकडून गोल मुळं सुटतात. त्यांच्याकडे गुटीला तोरिकी म्हणतात आणि एका पायावरच्या झाडांना नवे पाय द्यायला ती सर्रास वापरतात. तुमचा रोग नेमका तोच आहे.

गुटी का फसली, ते तुम्हीच लिहिलंय. १ सेंमी.

---

डाळिंबवाला | १० जून, दुपारी १:३०

ताई, मी सांगोल्याकडचा. आमच्याकडं डाळिंबाची रोपं गुटीचीच. पावसाळा लागला की बायका बागेत बसून बांधत्यात, एका-एका झाडाला कितीतरी. बोन्सायचं मला काही कळत नाही, पण गुटी हातानं केलीय म्हणून सांगतो.

आम्ही फांदी घेतो पेन्सिलीएवढी. तेवढ्याश्या फांदीची पण साल काढतो अडीच ते तीन सेंमी. तुमची फांदी साडेतीन सेंमी जाड आणि साल काढली एकच सेंमी. मग ती जुळणारच की.

दुसरी गोष्ट. साल काढली की आत पांढरं लाकूड दिसतं आणि माणूस खूश होतो. पण लाकडावर एक बुळबुळीत थर राहतो, डोळ्याला दिसत नाही. बोट फिरवा, ओल्या साबणासारखं सरकलं म्हणजे थर आहे. चाकूच्या पाठीनं खरवडायचं, सगळीकडून, बोट अडखळेपर्यंत. तो थर टिचभर जरी राहिला तरी तिथूनच साल परत धरते. नवा मजूर आला की आम्ही पहिल्यांदा हेच शिकवतो, कारण नवा माणूस फांदीला दया दाखवतो आणि गुटी वाया जाते.

अजून एक, तुमच्या कामाचं नसेल तरी लिहितो. आईझाड नीट बघून घ्या. आमच्याकडं डाळिंबाची भगवा जात लोकांनी गुटीनं इकडून तिकडं नेली, आणि तिच्याबरोबर तेल्या रोग पण गेला. गुटीला आईचं सगळं येतं, रंग-चव येतो तसा रोग पण येतो. तेल्यावाल्या बागेतली गुटी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यानं पुढं अख्खी बाग काढून टाकलेली मी बघितलीय. म्हणून आता बरेच जण टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं घेत्यात.

---

गच्चीवाली | १० जून, दुपारी ४:१०

दादा, 'फांदीला दया दाखवतो' हे वाचून हसू आलं आणि जरा लागलंही. बुळबुळीत थराचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओत तर माणूस साल सोलतो आणि लगेच शेवाळ गुंडाळतो.

झाडाला रोग नाही. अधूनमधून पानं दुमडून आत काळे बारीक किडे बसतात, ती पानं मी तोडून टाकते.

---

शंकासुर | १० जून, दुपारी ४:३५

सालीची पूर्ण बांगडी काढली तर वरचा भाग जगतो कसा, हे कुणी सांगेल का? जंगलात झाडं मारायची असली की लोक नेमकं हेच करतात.

---

दोन_बोटं_माती | १० जून, रात्री ९:२०

चांगला प्रश्न. मारायला करतात तेही बरोबर आणि जगतं तेही बरोबर. फरक वेळेचा आहे.

मुळांकडून पाणी वर जातं ते लाकडातल्या जलवाहिन्यांतून. पानांत तयार झालेली साखर खाली येते ती सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून. बांगडी काढली की चढणारं पाणी चालू राहतं, उतरणारी साखर अडते. वरचा भाग हिरवागार, त्याला पत्ताच नसतो. साखर आणि शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन (झाडाचं वाढीचं संप्रेरक), दोन्ही बांगडीच्या वरच्या कडेला तुंबतात. ती कड फुगते, तिथे ओल आणि अंधार मिळाला की मुळं सुटतात. म्हणून मुळं नेहमी वरच्या ओठातून येतात, खालच्या ओठातून नाही. हे एकदा कळलं की गुटी कशी बांधायची ते अर्धं आपोआप कळतं.

जंगलातलं झाड मरतं कारण बांगडीखालची मुळं उपाशी राहतात. महिने जातात, कधी वर्षही. आपण त्याआधी फांदी उतरवून घेतो. यावरून गच्चीवाली यांना एक सूचना: बांगडीखाली बुंध्यावर फुटवे येतील. येतीलच, कारण वरचा अंकुश सुटलेला असतो. ते खुडू नका. खालच्या मुळांचा डबा त्यातूनच जाणार आहे.

आता जागा. गेल्या वर्षीचा फुगवटा वाया घालवू नका. त्याची वरची कड जिथे संपते तिथे नवी वरची रेघ मारा, म्हणजे फुगीर भागाचा आधार मिळेल. रेघ आडवी आणि सरळ हवी. ही रेघ म्हणजे उद्याची जमीन. तिरकी मारलीत तर झाड जन्मभर तिरक्या पायांवर. जाडीच्या दीडपट म्हणजे सव्वापाच सेंमी खाली दुसरी रेघ. मधलं सगळं काढा. घाबरू नका, नांद्रुक आहे, गुलाब नाही.

---

कोकणातला_काका | ११ जून, सकाळी ६:५०

आमच्या लहानपणी प्लास्टिक नव्हतं. आजोबा माती, शेण आणि काथ्याचा भुसा एकत्र मळून फांदीवर लाडवासारखा गोळा थापायचे आणि त्याला गोणपाट बांधायचे. पावसाने उघडीप दिली की वरच्या फांदीला भोक पाडलेलं मडकं टांगायचं. भोकात चिंध्यांची वात, तिचं दुसरं टोक गोणपाटावर. थेंब थेंब पाणी दिवसभर उतरायचं. आम्हां पोरांचं काम एकच, मडकं भरायचं. एकदा मी विसरलो चार दिवस. पुढचं सांगत नाही.

प्लास्टिक आलं आणि मडकं गेलं. पण एक लक्षात घ्या, कोकणात प्लास्टिकचं वरचं तोंड घट्ट बांधायचं. सैल राहिलं की पावसाचं पाणी आत साचतं आणि गोळा कुजून वास मारतो. पुण्याला खालचं तोंड घट्ट नसलं तरी चालेल असं मला वाटतं.

---

मेपलवेडी | ११ जून, सकाळी ९:०० (न्यू जर्सी)

वाचतेय. माझ्याकडे जपानी मेपल आहे, त्याच्यावर मी मेअखेर गुटी बांधली. इथलं गणित वेगळं. पानगळीची झाडं, म्हणून वसंतातली पहिली पानं पूर्ण उघडून जराशी चामडी झाली की बांधायची आणि सप्टेंबरपर्यंत उतरवायची, म्हणजे थंडीच्या आत मुळं कुंडीत रुळतात. उशीर झाला तर बर्फात सगळं मुसळ केरात. इथे मिळणारे बरेचसे मेपल कलमी असतात आणि बुंध्याला कलमाची बेढब गाठ असते, तिच्यापासून सुटका हवी म्हणून गुटी.

प्रश्न: शेवाळ किती ओलं हवं? माझं पहिल्या वेळी कुजलं होतं.

---

दोन_बोटं_माती | ११ जून, रात्री ८:४५

सुकं स्फॅग्नम मॉस रात्रभर भिजवायचं, सकाळी मुठीत घेऊन कपडे पिळतो तसं पिळायचं. पिळून झाल्यावर पुन्हा दाबलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार नाही. मोठे धागे कात्रीने बोटभर लांबीचे करा, नाहीतर मुळं त्यात अशी गुंततात की सोडवताना तुटतात.

---

रविवारची_भटकी | ११ जून, रात्री १०:१२

मॉस फार महाग आहे हो ऑनलाइन. पुढच्या रविवारी ट्रेकला जातोय, किल्ल्याच्या तटबंदीवर हिरवंगार शेवाळ असतं, पिशवीभर आणलं तर?

---

दोन_बोटं_माती | ११ जून, रात्री १०:३०

नका आणू. एक तर तटबंदी खरवडायची नसते. दुसरं, ते स्फॅग्नम नाही. स्फॅग्नमच्या पेशी पोकळ असतात, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतात आणि तरी आत हवा राहते. दगडावरचं शेवाळ पातळ गालिचा असतो, माती झटकली की मुठीत काही उरत नाही. कमी खर्चात करायचं तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन-तीन पाण्यांत धुऊन त्यातला खार काढा आणि चालवा. फक्त ते सुटं असतं, बांधताना खाली सांडतं, दोन माणसं लागतात.

---

डाळिंबवाला | १२ जून, सकाळी ६:३०

आम्ही मॉसच वापरतो, गोणीनं घेतलं की परवडतं. ताईंना एका गुटीला मूठ-दोन मूठ लागेल. तेवढ्यासाठी किल्ला कशाला खणता.

---

आंबेमोहोर | १२ जून, दुपारी १२:२०

अवांतर: आमच्या कॉलनीत जुना वड आहे. परवा वटपौर्णिमेला बायकांनी फांद्या मोडून नेल्या, मला बघवेना. त्या वडाची गुटी करून घरी छोटा वड केला तर पुढच्या वर्षी घरच्या घरी पूजा होईल. वडाला लागते का गुटी? आणि सासूबाई विचारताहेत पिंपळाचीही करता येते का, पण घरात पिंपळ ठेवू नये म्हणतात म्हणून त्याच घाबरताहेत.

---

शंकासुर | १२ जून, दुपारी १२:५०

वडाची फांदी मोडलेली बघवत नाही म्हणून त्याच वडाची साल काढायची. छान. (हलकेच घ्या.)

---

दोन_बोटं_माती | १२ जून, रात्री ९:००

वडाला लागते, पिंपळाला लागते, उंबरालाही. सगळी एकाच घराण्यातली चिकाळ झाडं. पण कॉलनीचं झाड तुमचं नाही. शहरात झाड तोडण्या-छाटण्याला १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, परवानगी वृक्ष अधिकाऱ्याची लागते. वडाचं बोन्साय हवं तर एखाद्या जुन्या इमारतीच्या भिंतीत उगवलेलं पोर बघा. रंगकामाच्या आधी मालकच ती उपटून टाकायला सांगतात. दोघांचंही भलं.

पिंपळ घरात ठेवावा की नाही हे सासूबाईंवर सोडतो. गच्ची घरात धरायची का, एवढंच विचारून बघा.

---

गच्चीवाली | २२ जून, संध्याकाळी ६:३०

केलं!! तपशिलात लिहिते, कारण गेल्या वर्षी मला असं लिहिलेलं कुठे सापडलं नव्हतं.

सकाळी पाऊस थांबल्यावर बसले. आधी घेराभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, दोन्ही टोकं जुळवली, पट्टीच्या कडेने पेनने रेघ मारली. त्यामुळे रेघ सरळ आली. ५.२ सेंमी मोजून खाली दुसरी. नवं ब्लेड स्पिरिटने पुसून दोन्ही रेघांवर फिरवलं. ब्लेड लाकडाला लागलं की कळतं, आवाज बदलतो. मग उभा एक छेद.

चीक असा आला की रेघ दिसेना. पांढरा, दाट, ब्लेडच्या टोकावरून ओघळून मनगटावर. ओल्या फडक्याने पुसत राहिले, १५ मिनिटांनी थांबला. (तो हात डोळ्याला लावू नका. मी लावला. तासभर रडत होते.)

साल मात्र चिंचेच्या टरफलासारखी अलगद निघाली. आत ओलं, मळकट पांढरं लाकूड. गेल्या वर्षी मी इथेच थांबले होते. यंदा बोट फिरवलं, तर खरंच साबण! चाकूच्या पाठीने खरवडायला लागले. पाच मिनिटांनी वाटलं झालं, पुन्हा बोट फिरवलं, तर मागच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा पट्टा सरकत होता. गेल्या वर्षी तोच राहिला असणार. तोही खरवडला. बोट सगळीकडे अडखळायला लागलं तेव्हा थांबले. नवरा शेजारी उभा होता, म्हणाला, मेलं बहुतेक.

वरच्या ओठाला, म्हणजे सालीच्या वरच्या कडेला, मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर बोटाने लावली. पिळलेलं मॉस दोन भागांत, दोन्ही हातांनी दाबून मोठ्या मोसंब्याएवढा गोळा. पारदर्शक जाड प्लास्टिक, दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी पिळून सुतळीने करकचून. वरून चांदीचा कागद, ऊन लागू नये म्हणून. वारा आला तर फांदी हलू नये म्हणून बांबू.

---

दोन_बोटं_माती | २२ जून, रात्री ८:००

मस्त. फायकसला पावडरीशिवायही जमतं, पण लावलीत ते ठीक. आता हात मागे बांधून ठेवा.

---

मेपलवेडी | २३ जून, सकाळी ८:२०

नवऱ्यांचं वाक्य सगळीकडे सारखंच का असतं?

---

गच्चीवाली | ६ जुलै, सकाळी ११:००

अडचण. चांदीचा कागद उचलून बघितलं तर खालच्या तोंडाशी मुंग्यांची रांग. आत अंडी दिसताहेत. शिवाय एका बाजूला प्लास्टिक कुरतडलंय, खार असावी, आणि तिथलं मॉस सुकून पिवळं पडलंय.

---

डाळिंबवाला | ६ जुलै, दुपारी १:१५

सोडू नका. सोडलं की हललंच. मुंग्या कोरड्या जागेलाच घर करत्यात. सिरिंजनं वरच्या तोंडातून पाणी सोडा, मॉस ओलं झालं की अंडी घेऊन स्वतःच निघून जात्यात. भोक पडलंय तिथं वरून दुसरं प्लास्टिक लावा आणि चिकटपट्टी. पाणी मात्र २०-३० मिलीच, बादली नको.

---

गच्चीवाली | ८ जुलै, रात्री ९:४०

गेल्या मुंग्या. सकाळी अक्षरशः मिरवणुकीने अंडी उचलून चालल्या होत्या. खारीसाठी वरून कांद्याच्या पिशवीची जाळी बांधली.

---

गच्चीवाली | १८ जुलै, सकाळी ७:०५

मुळं!! तीन पांढरी टोकं, प्लास्टिकला आतून चिकटलेली. मुगाला मोड येतात तशी. सकाळी सहा वाजता घर उठवलं.

---

शंकासुर | १८ जुलै, सकाळी ७:३०

अभिनंदन. मीही त्याच आठवड्यात एक नांद्रुकाची फांदी नुसती कापून खोचली होती. तिला चार पानं फुटलीत. नोंद असावी.

---

दोन_बोटं_माती | १८ जुलै, रात्री ९:१०

दोघांचंही अभिनंदन. पण शंकासुर, पानं फुटली म्हणजे मुळं फुटली असं नाही. तुकडा साठ्यातल्या साखरेवरही पानं काढतो. महिनाभर थांबा, मग हलवून बघा.

गच्चीवाली, पांढरी टोकं दिसली की सगळ्यांचा हात शिवशिवतो. आत्ता कापलंत तर तीन पांढऱ्या धाग्यांवर तीन मोठ्या फांद्या जगवायच्या आहेत. टोकं पांढरी आणि मागचा भाग तपकिरी झाला, त्याला बारीक उपमुळं सुटली, आणि सगळीकडून घेर भरलेला दिसला की मग.

---

गच्चीवाली | ९ ऑगस्ट, रात्री १०:००

आता सात-आठ दिसताहेत, पण पश्चिमेच्या बाजूला काहीच नाही. त्या बाजूला ऊन लागतं. थांबू?

---

दोन_बोटं_माती | १० ऑगस्ट, सकाळी ७:००

थांबा. चांदीचा कागद त्या बाजूला दुहेरी करा. ती बाजू तापते, मॉस सुकतं. आणि सिरिंज नेमकी त्याच बाजूला.

---

गच्चीवाली | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

आज उतरवलं. ९ आठवडे झाले.

पश्चिमेला शेवटी दोन आली, बारीक आहेत पण आली. मुळांच्या गोळ्याखाली बोटभर सोडून बारीक दातांच्या करवतीने कापलं. कापताना एका हाताने झाड धरलं होतं आणि एका क्षणी सगळं वजन हातात आलं, बाळासारखं. मॉस सगळं काढलं नाही, बाहेरचं सुटत होतं तेवढंच कात्रीने घेतलं. खालचा खुंट मुळांच्या जवळ आणून सपाट केला. पानं तिसऱ्या हिश्शाने कमी केली. कुंडीत चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं कोकोपीट, शेणखत अजिबात नाही. मुळांखाली एक सपाट कौलाचा तुकडा ठेवलाय, म्हणजे ती खाली न जाता आडवी पसरतील. कुंडीच्या भोकांतून तार घालून झाड बांधलं, हलायला नको म्हणून. आता जिन्याखाली सावलीत आहे.

खालचा दीड फुटाचा सोटा उरलाय जुन्या कुंडीत. त्याला दोन फुटवे आहेत. शंकासुर, तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा. तुम्हाला खुंटं आवडतात.

---

शंकासुर | २४ ऑगस्ट, रात्री ८:१५

चालेल. दिवाळीच्या सुमारास पुण्यात येतोय, तेव्हा नेतो. माझी ती चार पानांची फांदी, विचारत असाल तर, हलवून बघितली आणि हातात आली. खाली काळी पडली होती. दोन_बोटं_माती यांनी कृपया आनंद व्यक्त करू नये.

---

कोकणातला_काका | २५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

मी व्यक्त करतो त्यांच्या वतीने.

---

गच्चीवाली | १२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

पानं पिवळी पडून गळताहेत. रोज दहा-बारा. पाणी जास्त होतंय का? मला धडधडतंय.

---

दोन_बोटं_माती | १२ सप्टेंबर, सकाळी ९:००

फांदीचं टोक नखाने किंचित खरवडा. हिरवं आहे?

---

गच्चीवाली | १२ सप्टेंबर, सकाळी ९:२०

हिरवं आहे. चीकही आला.

---

दोन_बोटं_माती | १२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मग चहा प्या. फायकस जागा बदलली तरी पानं टाकतो, इथे तर त्याचा संसारच बदलला. वरची माती बोटभर सुकली की पाणी, तोवर नाही. खत, तार, छाटणी, काहीही नको. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला बोन्साय म्हणूही नका.

---

मेपलवेडी | २१ सप्टेंबर, सकाळी ७:४५

माझा मेपल काल उतरवला. मुळं खूप, पण सगळी एका बाजूला, कारण बांगडी तिरकी कापली होती. वरचा ओठ जिथे खाली होता तिथेच सगळी जमली. 'ही रेघ म्हणजे उद्याची जमीन' हे मी बांधून झाल्यावर वाचलं.

---

गच्चीवाली | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

गळती थांबली. तीनही फांद्यांच्या टोकांना टोकदार कळ्या आहेत, एकीचं पान उलगडलं, मेणासारखं पोपटी. आज पहिल्यांदा सकाळच्या उन्हात दोन तास ठेवला.

---

शंकासुर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

वा. आणि माझा सोटा? २० तारखेला येतोय.

---

गच्चीवाली | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

अहो, त्याचं असं झालं. त्याला ११ डोळे फुटलेत. मी गेल्या महिन्यात तिकडे बघितलंच नव्हतं, सगळं लक्ष वरच्यावर. आज बघते तर जिथे १५ वर्षांत एक फांदी आली नाही त्या काठीवर खालपासून वरपर्यंत हिरवे ठिपके. आणि कुंडीही तीच, बाबांनी आणलेली. नाही देववत आता. रागावू नका. पुढच्या जूनमध्ये त्याची एक फांदी तुम्हाला नक्की.

---

शंकासुर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:४२

फांदी चालेल. पण गुटी बांधून नको, नुसती कापून द्या.